समुद्राच्या गावी वांग्याचं भरीत

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या चुलतीवर. आम्ही तिला अक्का म्हणतो, सगळं गावच म्हणतं. केव्हा झाला, तर गेल्या संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी, दुपारच्या जेवणवेळेला. कुठे, तर रत्नागिरीला, भाट्याच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला जो उघडा कातळ आहे, त्याच्यावर. कोणी केला, तर भाड्याच्या सतरा सीटर गाडीतून शहर बघायला निघालेल्या आमच्या घरच्या आठ पुरुषांनी. त्यातले एक माझे वडील आहेत. म्हणून मी मवाळ लिहीन असं कोणी समजू नये.

मी जळगावात एका छोट्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, बसस्टँडवर उभी राहून बोलते. तिथं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की पत्रकाच्या पहिल्या ओळीत कोणावर, केव्हा आणि कोणी हे आलं पाहिजे. वाचणारा रिक्षात बसायच्या आत त्याला कळलं पाहिजे. आजवर मी रेशनवर लिहिलं, एसटीच्या बंद पडलेल्या फेऱ्यांवर लिहिलं, बायकांच्या मुतारीवर तर इतकं लिहिलं की घरात मला त्यावरून नाव पडलं. घरातल्या गोष्टीवर मात्र कधी लिहिलं नव्हतं. घरचं चव्हाट्यावर आणू नये म्हणतात. मी म्हणते, चव्हाट्यावरचं सगळं कोणाच्या तरी घरचंच असतं.

आमचं गाव रावेर तालुक्यातलं. केळीचं. बागेतला माल गाड्या भरून निघून गेला की थोडी उसंत असते, आणि त्या उसंतीत दरवर्षी भाऊबंदांची गाडी निघते. भुसावळहून गाडी ठरवायची, ड्रायव्हरसकट. कुठं जायचं ते मोठे काका, म्हणजे आबा, ठरवतात. आबा अक्काचे मालक. आधीची काही वर्षं देवस्थानं झाली, गेल्या खेपेला आबांनी जाहीर केलं की समुद्राचं शहर बघायचं. गड, राजवाडा, दीपगृह, मत्स्यालय. ड्रायव्हर सगळं फिरवून दाखवतो, आपण नुसतं बसायचं.

यातला "आपण" नीट समजून घ्या. आबा माळकरी. कोकणात जिकडेतिकडे मासळी, तिथल्या हॉटेलातल्या तव्यावर काय काय भाजलं असेल सांगता येत नाही. त्यामुळे शिधा घरचा. ही आमच्याकडची जुनी रीत आहे आणि तिच्यात वाईट काही नाही; पूर्वी बैलगाडीनं जाताना दुसरा इलाजच नव्हता. पण आता रीत अशी झालीय की गाडी दाराशी आली की आधी शेगडी चढते, मग सिलिंडर, मग परात, कढई, पिठाचे डबे, आणि त्या सामानाबरोबर ते चालवणारी बाई चढते. ती अक्का. दरवर्षी.

आणि त्या खेपेला तर पुरुषांनी कमाल केली. हिवाळा होता, वांगी ऐन भरात आलेली. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की समुद्रकाठी भरीत करायचं. आमच्याकडे भरीत गॅसवर करत नाहीत. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर, आणि ठेचायची ती लाकडी बडगीत. शेतात भरताची पार्टी असते तेव्हा हे सगळं हाताशी असतं. इथं ते हाताशी नव्हतं, तर सोबत घेतलं. भरताची वांगी पोतंभर, बडगी, तिचं मुसळ, आणि ताडपत्रीत बांधलेला पऱ्हाट्यांचा भारा गाडीच्या टपावर. भुसावळचा ड्रायव्हर, चाळिशीचा हसतमुख माणूस, तो भारा बघून डोकं खाजवत राहिला. वाटेत पोलिसांनी विचारलं तर काय सांगू, असं त्यानं विचारलं. माझा एक चुलतभाऊ म्हणाला, सांग, आजारी माणसाचं औषध आहे, शेकायला लागतं.

सगळे हसले. मीही हसले. तेव्हा अजून काही बिघडलं नव्हतं.

गाडीत आम्ही अकरा जण. आठ पुरुष, आणि अक्का, वहिनी आणि मी. वहिनी म्हणजे आबांची मोठी सून. जीभ तिखट, हात त्याहून चलाख. मी एरवी या सहलींना जात नाही. या वेळी गेले, कारण अक्कानं बोलावलं.

ती संक्रांतीसाठी तीळ निवडत बसली होती, मी घरी आले होते. अक्का माहेरची धुळ्याकडची, शिंदखेड्याच्या बाजूची. आमच्या घरात येऊन आयुष्य गेलं पण बोली तिनं सोडली नाही. आमच्या इकडची बोली वेगळी, त्यावरून तिला सासरच्यांनी पुष्कळ चिडवलं, तिनं ऐकून घेतलं आणि आपलंच बोलत राहिली. ती खालमानेनं म्हणाली, "औंदा तू चाल मनासंगे. माले समिंदर देखना शे. पाय बुडाईसन देखना शे."

मी म्हटलं, मग आबांना सांग ना. ती म्हणाली, त्यांना काय सांगायचं, तेच तर घेऊन चालले आहेत. पण तू असलीस की बरं, तुला बोलता येतं.

नंतर तिनं जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. ती याआधी समुद्राच्या गावी जाऊन आली होती. द्वारकेला. सगळे चार दिवस राहिले होते. तिला धर्मशाळेचं अंगण आठवतं, आणि तिथल्या पाण्यात तूरडाळ शिजत नव्हती हे आठवतं. देवाचं दर्शन झालं, ते पहाटे गर्दीत. समुद्र राहिला. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिला.

तर एवढी एकच गोष्ट या सहलीत पणाला लागलेली होती. बाकी गड आणि राजवाडे कुठं पळून जात नव्हते.

कोल्हापूरला मुक्काम करून आम्ही रत्नागिरीत पोचलो. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन मागं वळून दिवसाचा बेत सांगितला. त्यानं कोकणच्या फेऱ्या भरपूर केल्या होत्या. तो म्हणाला, सकाळची वेळ आहे, ऊन कोवळं आहे, तर आधी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊ. पाण्यात खेळून घ्या. मग गड, राजवाडा, मत्स्यालय, जेटी. जेवणासाठी शुद्ध शाकाहारी खानावळ त्याला माहीत होती. चार वाजता शहर सोडायचं, कारण घाट अंधारात चढायचा नाही असा त्याच्या मालकाचा नियम होता, आणि रात्री परत कोल्हापूरची धर्मशाळा ठरलेली होती.

हा बेत तसाच राहिला असता तर मला हे लिहावं लागलं नसतं.

आबा म्हणाले, रिकाम्या पोटी पाण्यात जाऊ नये. आणि खानावळीचं नाव काढू नको, टपावर काय शोभेला बांधलंय? आधी स्वयंपाकाची जागा बघू, बायका तिथं लागतील कामाला, तोवर आपण शहर बघून येऊ, जेवू, मग सगळे मिळून समुद्र. सावकाश.

सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा यात चूक काय ते लगेच पकडू शकले नाही. सगळे मिळून समुद्र, हे ऐकायला बरं वाटत होतं.

भाट्याच्या किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. गाडी तिथं थांबली. वहिनीनं शेगडीला हात घातला तेवढ्यात रखवालदार आला. टपावरचा भारा बघूनच त्यानं मान हलवली. खाली सुरूचा वाळका पाला पडलेला, इथं विस्तव चालणार नाही, गॅससुद्धा नाही. त्याचं बरोबर होतं. आबांनी दोन शब्द बोलून बघितले, तो हलला नाही.

गाडी वळवायला लागली. अक्का सगळ्यात मागच्या सीटवर, सिलिंडरच्या शेजारी बसली होती. खिडकीतून झाडांचे बुंधे दिसत होते. तिनं मला विचारलं, काय वाजतंय? मी म्हटलं, तोच. तिनं झाडांकडे बघितलं आणि पदर सारखा केला, पाव्हण्याच्या दारात उभं राहिल्यासारखा. मी पुढं ओरडून म्हटलं, पाच मिनिटं उतरू द्या, अक्काला बघू द्या. आबा मागं न बघता म्हणाले, आता गाडी सुरू आहे, इथंच तर यायचंय परत.

ड्रायव्हरनं गाडी रस्त्यानं वर चढवली. वर कातळ आहे, काळा, उघडा, लांबच लांब. तिथं एका घराजवळ ट्रक वळवायला मोकळी जागा होती. ड्रायव्हरनं घरच्या बाईला विचारलं, ती हो म्हणाली. सामान उतरलं, पोतं उतरलं, भारा उतरला, आम्ही तिघी उतरलो. गाडी निघून गेली. जाताना माझ्या चुलतभावानं खिडकीतून डोकं काढून सांगितलं की मिरच्या जरा सढळ असू द्या.

तिथून समुद्र दिसत नाही. मी सगळ्या बाजूंनी जाऊन बघितलं. वारा तेवढा येतो.

वाऱ्यानं काय होतं ते सांगते. आमच्याकडे शेतात पऱ्हाट्या संथ जळतात, वांगं आतपर्यंत शिजतं. इथं भारा भडाभडा पेटत होता, वांगी वरून काळी आणि आतून कच्ची. अक्कानं तीन दगड सरकवून आडोसा केला, आपण वाऱ्याकडे पाठ करून बसली, आणि वांगी हातानं फिरवत राहिली. वारा फिरला की धूर मात्र सगळा तिच्याच अंगावर. वहिनी पुऱ्यांचं पीठ मळत म्हणाली, "अक्का, लोक समुद्राला येऊन न्हाऊन जातात, आपण कोळसा होऊन जाऊ." अक्का हसली. हसता हसता तिला ठसका लागला.

घरवाली बाई पाण्याच्या दोन कळश्या घेऊन आली. तिनं भरताची सगळी मांडामांड नीट पाहिली. बडगी उचलून बघितली. मग कुतूहलानं विचारलं की एवढ्या लांबून आलात आणि समुद्र सोडून इकडे कातळावर काय करता? वहिनी म्हणाली, आमचे मालक समुद्र तपासायला गेलेत, चांगला निघाला की आम्हाला नेतील. ती बाई हसली नाही. ती म्हणाली, चालत जायचं तर खाली उतरायला वाट आहे, पोहोचाल लवकर.

मी लगेच म्हटलं, अक्का, ऊठ. वांगी वहिनी बघेल. वहिनीही म्हणाली, जा, मी बघते. अक्कानं परातीकडे बघितलं, वांग्यांकडे बघितलं. ड्रायव्हर धरून बारा माणसांचा स्वयंपाक, एक शेगडी. ती लोकं भुकेली येणार. मग ती जे म्हणाली ते आमच्याकडची प्रत्येक बाई म्हणते, म्हणून मी ते शब्दशः लिहिते. "बठ्ठासनं जेवन व्हऊ दे. मंग जाऊत."

आधी सगळ्यांचं जेवण, मग आपण. मी भांडले. ती ऐकेना. शेवटी मी खाली बसले आणि वांगी सोलायला घेतली, कारण एका माणसाचं काम कमी झालं तर जेवण लवकर होईल, एवढाच मार्ग उरला होता. बडगीत भरीत मी ठेचलं. तळव्याला फोड आला तो आठवडाभर राहिला. हे कौतुकासाठी सांगत नाही. पुढं मला एकानं ऐकवलं की तू नुसती बोलतेस, म्हणून सांगून ठेवते.

जेवण तयार झालं. पुऱ्या झाकून ठेवल्या, त्या मऊ पडल्या. गाडी येईना. अक्का उठून रस्त्याकडे बघून यायची आणि परत बसायची. ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी आली. सगळे खुशीत उतरले. गड कसला, दीपगृह कसलं, मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा ठेवलाय तो आपल्या वखारीएवढा, असं एकाच वेळी सगळे सांगत होते. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी ज्या वाड्यात आणून ठेवलं होतं तो वाडा बघून एक काका फार हळहळले होते. म्हणाले, बिचाऱ्याला आयुष्यभर नुसतं लांबून समुद्र बघत बसावं लागलं.

पंगत बसली. अक्का वाढायला वाकली आणि वाकलेलीच थांबली. आबांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. शेजारी माझे वडील, त्यांच्या पँटच्या दुमडीत वाळू. पुढच्याच्या पायाला वाळू. त्याच्या पुढच्याच्या. सगळ्या पंगतीला.

येताना वाटेतच होता, म्हणून उतरलो जरा, असं वडील म्हणाले. मला नाही, ताटाला.

अक्कानं भरीत वाढलं. पुढच्या पानाला सरकली. मग आबांकडे वळून तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "पानी कसं व्हतं? थंडं व्हतं का?"

आबा म्हणाले, नाही, कोमट होतं. आणि मग त्यांना काहीतरी आठवलं, त्यांनी खिशात हात घालून कागदाची पुडी काढली. जेटीवरून तिच्यासाठी शंखशिंपल्यांची माळ घेतली होती. सगळ्यांसमोर त्यांनी ती तिच्या हातात दिली. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण चांगलं केलं. मला हे लिहून ठेवायचंय, कारण आबा दुष्ट असते तर माझं काम सोपं झालं असतं. आबा दुष्ट नाहीत. अक्का आजारी पडली तेव्हा ते दवाखान्याच्या बाकड्यावर झोपले होते. पण समुद्र तिचा बघायचा राहिलाय हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्यांनी बघितला म्हणजे घरानं बघितला.

अक्कानं माळ हातात धरली, मग ठेवायला जागा दिसेना म्हणून मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवली.

मी उभी राहिले आणि बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण सभेतल्यासारखं बोलले असणार, कारण एक काका जेवायचे थांबले. तुम्ही सगळे मिळून म्हणाला होतात. ती सकाळपासून धुरात बसलीय. तिनं मागितलं काय होतं, पाण्यात पाय घालायला, तेवढ्यासाठी तुमच्याच्यानं थांबवलं नाही. असं बरंच.

आबा पुरी मोडत म्हणाले, "बाई, तुही पत्रकं जळगावात वाट. इथी सुखानं जेवू दे." मग जरा थांबून म्हणाले, "जेवून घेऊ, मग जाऊ ना. मी नाही कुठी म्हटलं?"

पण नाही म्हणायला ड्रायव्हर होता. तोही पंगतीतच बसला होता. त्यानं हात धुतले, घड्याळ बघितलं, आणि अवघडून सांगितलं की चार वाजता निघायचं ठरलं होतं. फार तर अर्धा तास देतो, मालकाला मी सांगेन, पण आत्ता निघालो तर. खाली उतरू, अक्का पाण्यात जाऊन येतील, आणि निघू.

अर्धा तास. पुरेसा होता. मी म्हटलं, चला, भांडी पोत्यात भरा, खरकटी असू देत, कोल्हापूरला घासू.

तेव्हा एक काका म्हणाले, खरकटी भांडी गाडीत? काच बंद, घाटाचा रस्ता, तेलाचा नि लसणाचा वास, एखाद्याला उलटी होईल. दुसऱ्यानं मान डोलावली. तिसरा म्हणाला, चार भांडी तर आहेत, दोन मिनिटांत होतात.

दोन मिनिटांत कोणाच्या हातून होतात, हे तो बोलला नाही. आठ पुरुष कातळावर पाय पसरून बसले होते. कोणी बडीशेप काढली. अक्का एव्हाना राख घेऊन कढईपाशी बसलीही होती. मी तिचा हात धरला. मी म्हटलं, सोड ती कढई, तुझा समुद्र चाललाय. तिनं हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "तू बी लाग वं पोरी. लवकर व्हई."

म्हणून मी लागले. वहिनी लागली. आम्ही तिघींनी ती भांडी अशी घासली की हाताची सालटं निघाली. बडगीच्या चिरांत भरीत अडकून बसतं, ते काडीनं काढावं लागतं. पाणी संपलं, वहिनी त्या घरी धावली. ड्रायव्हर शेवटी स्वतः उठून परात विसळायला लागला. त्याला बघून माझे वडील उठले, पण तोवर विसळायचं काही राहिलं नव्हतं. सामान चढलं. ड्रायव्हरनं परत घड्याळ बघितलं, अर्धा तास उलटून गेला होता, आणि कोणाकडेच न बघता गाडी सुरू केली.

उतारावरून गाडी खाली आली. डाव्या हाताला समुद्र आला. ऊन त्याच बाजूचं, थेट डोळ्यावर. पुढं कोणीतरी म्हणालं, पडदा ओढा, ऊन लागतंय. डावीकडचे पडदे एकामागून एक ओढले गेले. मी मागून ओरडले, पडदे उघडा. दोघांनी उघडले, पण मध्ये माणसांची डोकी, मागं सिलिंडर, आणि अक्का उजव्या हाताला. तोवर सुरूचं बन आलं. मग पूल. मग शहर.

मी विचारलं, दिसला का गं? ती म्हणाली, चमकलं काहीतरी.

परत आल्यावर मला वाटलं होतं आता घरात या विषयावर बोललं जाईल. नाही. गावात आठवण निघाली की भरताची निघते. समुद्रकाठी पऱ्हाट्यांवर भरीत करणारे आम्हीच, असं काका पारावर सांगतात. कातळाला समुद्रकाठ म्हणतात. मी अक्काला म्हटलं, तू नि मी दोघीच जाऊ, रेल्वेनं, भुसावळहून बसू. ती म्हणाली, लोक विचारतील ना, घरचे नेत नाहीत का. तिला ते चोरून गेल्यासारखं वाटत होतं. तिला तिच्या माणसांबरोबर, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत पाण्यात उभं राहायचं होतं. हे मला तेव्हा कळलं, आणि ते मी कितीही पत्रकं लिहिली तरी मिळवून देऊ शकत नाही हेही कळलं.

आता यंदाचं सांगते. गेल्या पंधरवड्यात आबांनी परत बैठक घेतली. मी घरी होते. आबा म्हणाले, औंदा दमण. पुन्हा समुद्रच, अक्काचा राहिला होता ना, असं ते माझ्याकडे बघून म्हणालेसुद्धा. मी खूश होणार होते. ड्रायव्हर तोच सांगायचा, असं ठरलं. मग लगेच पीठ किती, तेल किती, शेगडी एक पुरत नाही, दोन घेऊ, अशी चर्चा सुरू झाली.

अक्का चहा घेऊन आली. कप मांडले. आणि म्हणाली, "मी नही येस. तुम्ही जावा."

आबांना वाटलं गुडघे. त्यांनी विचारलं, गुडघे दुखतात का. ती म्हणाली, नाही. ताप आहे का. नाही. रागावलीस का. तिनं जरा विचार केला आणि तेही नाही म्हणाली. ट्रे उचलला आणि आत गेली.

आधी माझे वडील बोलले. त्यांनी विचारलं, "मग स्वयंपाक कोण करेल?"

ते विचारून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं. त्यांनी मान खाली घातली. वहिनी दारात उभी होती. तिच्याकडे दोघांनी बघितलं, तर तीही म्हणाली, अक्का नाही तर मी नाही. खानावळीत जेवू असं आठ पुरुषांपैकी एकानंही सुचवलं नाही. अक्काला नुसती फिरायला नेऊ, हे तर कोणाच्या मनातच आलं नाही. थोड्या वेळानं आबांनी भुसावळला फोन लावला आणि सांगितलं की यंदा जमत नाही, गाडी राहू दे.

तर सहल रद्द झाली. समुद्र अजूनही अक्कानं बघितलेला नाही. मी आत गेले तेव्हा ती केळ्याचे वेफर्स तळायला कच्ची केळी सोलत होती. मी तिच्याजवळ बसले. मला वाटलं, आता ती रडेल किंवा मी रडेन. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, सुरी आण, दोघी मिळून लवकर होईल.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. आबा हे वाचणार नाहीत, त्यांना मी तोंडावर सांगितलंय. तुमच्या घरी गाडी ठरत असेल. जळगावात, धुळ्यात, कुठंही. तुम्ही फोन हातात घेतला असेल, सीट मोजत असाल. तो फोन खाली ठेवा. आत जा. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारा, तुला कुठं उतरायचंय. ती म्हणेल, कुठंही चालेल, तुम्ही म्हणाल तिथं. हे उत्तर घेऊन बाहेर येऊ नका. परत विचारा. ती सांगेपर्यंत तिथंच उभे राहा. आणि तिनं सांगितली ती जागा ड्रायव्हरला पहिला थांबा म्हणून सांगा, जेवणाच्या आधी, गडाच्या आधी, तुमच्या आधी.